पडद्यावरचा नकाशा आणि डोंगरातील पाडे

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत आणि त्या रांगांच्या पलीकडे नर्मदा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके असून त्यांपैकी अक्राणी व अक्कलकुवा हे प्रामुख्याने डोंगराळ आहेत. तापीकाठच्या शहादा-तळोदा भागात गाव म्हटले की वेशीच्या आत दाटीने बसलेली घरे डोळ्यांसमोर येतात. अक्राणीत तसे नाही. एक पाडा डोंगराच्या सोंडेवर, दुसरा ओढ्यापलीकडे, तिसरा आणखी वरच्या टेपावर. आणि हे सगळे मिळून महसुली दप्तरात एक गाव! शाळा एका पाड्यावर, हातपंप दुसऱ्यावर, आणि पावसाळ्यात दोहोंमधला ओढा ओलांडता येत नाही, ही तेथील नित्याची स्थिती होय.

अशा प्रदेशात नकाशाचे महत्त्व अधिक असणार हे उघड आहे. आज नकाशांची वाण राहिलेली नाही. भूमी अभिलेख विभागाच्या ‘महाभूनकाशा’वर गटांच्या हद्दी पाहता येतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ साली ‘भुवन’ हे उपग्रहचित्रांचे दालन सर्वांसाठी खुले केले. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाचे ‘ग्राम मानचित्र’ ग्रामपंचायतींच्या नियोजनासाठीच तयार झाले. १९८८ साली स्थापन झालेले नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्याच्या विविध विभागांसाठी नकाशे तयार करीत आले आहे. हे सर्व नकाशे मोबाइलच्या वा संगणकाच्या पडद्यावर बोटाने सरकवता येतात, जवळ आणता येतात, दूर नेता येतात.

मात्र ‘येतात’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगल्या संगणकावर जो नकाशा पाण्यासारखा सरकतो, तोच धडगावच्या पलीकडे साध्या मोबाइलवर अडखळतो, पांढरा पडतो, मध्येच थबकतो. ग्रामसभेत असा नकाशा पुढे केला तर सदस्य दोनदा बोट फिरवून पाहतो आणि मोबाइल परत देतो. त्यानंतर त्याच्या गावाचा नकाशा वाचण्याचे काम दुसरेच कोणी तरी, दुसऱ्याच ठिकाणी बसून करते. नकाशाचा सुरळीतपणा ही म्हणूनच केवळ देखणेपणाची बाब मानता येत नाही. आणि त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: नकाशा सुरळीत सरकावा यासाठी त्यातून पुष्कळ काही गाळावे लागते. काय गाळले जाते हे ज्यांना ठाऊक असेल, त्यांनाच तो नकाशा विश्वासाने वापरता येईल.

कागदी शिटापासून टाइलपर्यंत

नकाशाचे तुकडे करण्याची कल्पना नवी नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेत एक अंश अक्षांश व एक अंश रेखांश एवढ्या प्रदेशाचे एक शिट असे. त्याचे सोळा भाग करून प्रत्येक भागाचे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे स्वतंत्र शिट निघे. २१ ते २२ अंश अक्षांश आणि ७४ ते ७५ अंश रेखांश यांमधल्या शिटाचा क्रमांक ‘४६ के’. नंदुरबार शहर त्यात येते. जुन्या कर्मचाऱ्यांना या शिटांचा एक त्रास चांगला आठवत असेल. हवे असलेले गाव नेमके शिटाच्या कडेला असायचे. नंदुरबार शहरच ७४ अंश १४ मिनिटांच्या आसपास, आणि शिटाची कड १५ मिनिटांवर! म्हणजे पूर्वेकडचा परिसर पाहण्यासाठी शेजारचे शिट काढून टेबलावर जुळवून ठेवणे आले.

पडद्यावरचा नकाशा हेच करतो. फक्त शिटे लहान असतात आणि जुळवणी क्षणार्धात होते. सगळे जग एका चौकोनी चित्रात बसवले जाते. त्या चित्राची लांबी-रुंदी प्रत्येकी २५६ ठिपके. ही शून्यावी पायरी. पुढच्या पायरीवर त्याच चौकोनाचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पुन्हा २५६ ठिपक्यांचा असतो. अशा तुकड्याला टाइल म्हणतात. दर पायरीला टाइलची संख्या चौपट होत जाते. दहाव्या पायरीवर ती १० लाख ४८ हजार ५७६ होते आणि अठराव्या पायरीवर सुमारे ६,८७२ कोटी.

जगाचे आकडे सोडून नंदुरबारपुरते पाहिले तर हिशेब अधिक कळतो. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,९५५ चौरस किलोमीटर आहे. येथील अक्षांशावर दहाव्या पायरीच्या एका टाइलमध्ये सुमारे ३६ किलोमीटर लांबी-रुंदीचा मुलूख मावतो. तेव्हा मोजक्या टाइलमध्ये सारा जिल्हा येतो. चौदाव्या पायरीवर टाइलची बाजू सव्वादोन किलोमीटरच्या जवळपास येते आणि जिल्ह्याला साडेअकराशेच्या आसपास टाइल लागतात. अठराव्या पायरीवर बाजू अवघी १४२ मीटर राहते. एखाद्या पाड्यावरची घरे वेगवेगळी दिसू लागतात ती येथे. पण आता जिल्ह्यासाठी जवळपास तीन लाख टाइल लागतात.

या पद्धतीचे मर्म असे की पाहणाऱ्याला तीन लाख टाइल कधीच लागत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी दहा-बाराच मावतात. नकाशा जिल्ह्याचा असो वा जगाचा, कोणत्याही पायरीवर मागवायच्या टाइल तेवढ्याच. २००५ पूर्वीच्या बहुतेक संकेतस्थळांवर नकाशा थोडा सरकवायचा तरी बाणाच्या खुणेवर क्लिक करावे लागे, दूरच्या संगणकाने संपूर्ण नवे चित्र काढून पाठवावे लागे आणि तोवर पाहणाऱ्याने वाट पाहावी लागे. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगलने आपला नकाशा खुला केला, तेव्हा आधीच काढून ठेवलेल्या टाइल आणि त्या धरून ओढण्याची सोय ही जोडी प्रथमच सामान्य वाचकांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोचली. पुढे बहुतेकांनी तीच वाट धरली.

सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

डोळ्याला गती अखंड वाटावी यासाठी चित्रे भराभर बदलावी लागतात, हे सिनेमामुळे सर्वांना ठाऊक आहे. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे पडद्यावर येतात. मोबाइलचा पडदा सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो. म्हणजे एका चित्रासाठी साडेसोळा मिलिसेकंदांच्या किंचित वर अवधी मिळतो. सिनेमाची चित्रे आधीच काढलेली असतात. नकाशाचे चित्र बोट जिकडे जाईल तिकडे, त्याच क्षणी, नव्याने जुळवायचे असते. बोट कोठे आहे ते पाहणे, कोणत्या टाइल दृष्टिपथात येतात ते ठरवणे आणि त्या योग्य जागी मांडणे, हे सर्व त्या अवधीत उरकले पाहिजे. एखादे काम १०० मिलिसेकंद रेंगाळले की सहा चित्रे बुडतात. बोट पुढे जाते, नकाशा मागे राहतो, आणि पाहणाऱ्याला झटका जाणवतो.

यावरचा मुख्य उपाय एका वाक्यात सांगता येईल: बोट फिरत असताना नवे काही काढायचे नाही, काढलेलेच सरकवायचे. तयार चित्र डावीकडे-उजवीकडे हलवणे किंवा ताणणे हे काम मोबाइलमधील ग्राफिक्स प्रोसेसर अत्यंत वेगाने करतो. नवी रेघ आखणे, नावे मांडणे, आलेली माहिती उलगडणे ही जड कामे निराळ्या ओळीत पाठवली जातात आणि सवड मिळेल तशी उरकली जातात. सुगरण पंगत बसल्यावर पुरणाची डाळ शिजत घालीत नाही, तसेच हे.

नकाशा जवळ आणताना याच युक्तीचा दुसरा प्रकार दिसतो. पुढच्या पायरीच्या टाइल अजून आलेल्या नसतात, तेव्हा हाती असलेली आधीच्या पायरीची टाइल ताणून दाखवली जाते. चित्र धूसर दिसते, पण जागा रिकामी राहत नाही आणि नजर चुकत नाही. टाइल येतील तशी धूसर जागा स्पष्ट होत जाते. पुष्कळांना हा दोष वाटतो. वस्तुतः ती मुद्दाम केलेली सोय आहे. पांढऱ्या रिकाम्या चौकोनापेक्षा धूसर डोंगर केव्हाही बरा.

बोट उचलल्यावरही नकाशा थोडा पुढे घरंगळत जाऊन थांबतो, तेही हेतुपुरस्सर. दूरच्या दोन ठिकाणांमधला प्रवास हा आणखी नाजूक प्रश्न. नंदुरबारहून मोलगी दाखवायची आहे आणि नकाशा पुष्कळ जवळ आणलेला आहे, अशा वेळी सरळ सरकत गेले तर मधले शेकडो तुकडे डोळ्यांसमोरून भरकन जातात. काहीच उमगत नाही आणि टाइलचा मात्र चुराडा होतो. आधी वर उठावे, उंचावरून पुढे जावे आणि मग खाली उतरावे, हे अधिक शहाणपणाचे. ती उडी किती उंच व किती वेगाची असावी याचे गणित नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील तंत्रविद्यापीठातील यार्के व्हान वाइक व विम न्यूइ यांनी २००३ साली मांडले. आजच्या अनेक नकाशांतील ‘झेप’ त्याच गणितावर चालते.

डोंगरात जाण्यापूर्वी

एवढे करूनही टाइल मुळात हाती येणे आवश्यक असते. एका टाइलला सरासरी २० किलोबाइट धरले, तर पडदाभर बारा टाइलना २४० किलोबाइट होतात. चांगल्या जोडणीवर ती माहिती पाव सेकंदात उतरते. सेकंदाला जेमतेम आठ किलोबाइट मिळणाऱ्या मंद जोडणीवर तिलाच अर्धा मिनिट लागतो. आणि सातपुड्याच्या घळीत उतरल्यावर जोडणीच नसते. तेथे कोणताही वेगवान प्रोसेसर कामास येत नाही.

उपाय साधा आहे, परंतु तो घरून निघण्यापूर्वी करावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी, जेथे जोडणी बरी आहे तेथे, नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. जोडणीविना नकाशा दाखवणारी कार्यप्रणाली त्यासाठी निवडावी लागते. किती उतरवायचे याचा वरच्याच मापाने अंदाज घेता येतो. चौदाव्या पायरीपर्यंत संपूर्ण जिल्हा उतरवला तर सर्व पायऱ्या मिळून ३० ते ३५ मेगाबाइट जागा पुरेल. तोच जिल्हा अठराव्या पायरीपर्यंत उतरवायचा तर आठ गिगाबाइटच्या आसपास जागा लागेल आणि साधा मोबाइल भरून जाईल. मात्र दहा चौरस किलोमीटरच्या एका गावापुरती अठरावी पायरी जेमतेम पाचशे टाइलची, म्हणजे दहा मेगाबाइटची. जिल्हा वरवर आणि आपले गाव बारकाईने, अशी वाटणी ज्या कर्मचाऱ्याने केली त्याला नकाशासाठी डोंगरमाथ्यावर जाऊन रेंज शोधावी लागणार नाही.

टाइलचा दुसरा एक प्रकार अलीकडे रूढ झाला आहे. त्यात चित्र पाठवले जात नाही. रस्ता कोणत्या बिंदूंतून जातो, नदी कोठे वळते, गावाचे नाव काय, एवढी माहितीच पाठवली जाते आणि चित्र मोबाइल स्वतः आखतो. अशी रेषारूप टाइल बहुधा हलकी असते, नकाशा मधल्या पायऱ्यांवरही धूसर होत नाही. पण आखण्याचे ओझे मोबाइलवर पडते, आणि रेषेत बिंदू फार असतील तर सोळा मिलिसेकंदांचा हिशेब पुन्हा कोलमडतो. म्हणून रेषा सोप्या कराव्या लागतात. खरी काळजी घ्यायची ती येथून पुढे.

सोपी केलेली रेषा, आणि बांध

नर्मदेला मिळणाऱ्या एखाद्या नदीचा काठ हजारो बिंदूंनी नोंदला असेल. संपूर्ण जिल्हा एका पडद्यावर पाहताना त्यातले बहुतेक बिंदू एकाच ठिपक्यात पडतात. ते पाठवण्यात अर्थ नसतो. कोणते बिंदू ठेवावेत यासाठी डेव्हिड डग्लस व थॉमस प्यूकर यांनी कॅनडातील एका नियतकालिकात १९७३ साली मांडलेली रीत आजही सर्रास वापरली जाते. रेषेची दोन टोके सरळ दोरीने जोडल्यासारखी जोडावीत. त्या दोरीपासून सर्वांत दूर असलेला बिंदू शोधावा. तो ठरावीक अंतराहून जवळ असेल तर मधले सगळे बिंदू सोडून द्यावेत; दूर असेल तर तो ठेवावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा तेच करावे. जुन्या काळी शंकू-साखळीने मोजणी करणारा भूकरमापकही नाल्याची प्रत्येक वळी मोजत नसे. ठळक वळणेच टिपणात घेई. रीत तीच आहे.

नदीच्या बाबतीत यात नुकसान नाही. शेताच्या हद्दीचे तसे नाही. दोन गटांमधला बांध एकच असतो, परंतु संगणकात तो अनेकदा दोनदा नोंदलेला असतो: एकदा या गटाची कड म्हणून आणि एकदा त्या गटाची. दोन्ही आकृत्यांची सुरुवात वेगवेगळ्या कोपऱ्यांपासून होत असेल तर सोपे करण्याच्या रीतीतून दोन किंचित वेगळ्या रेषा निघतात. मग पडद्यावर बांधाच्या जागी बारीक फट दिसते, किंवा एक गट दुसऱ्यात घुसलेला दिसतो. जमिनीवर काहीच बदललेले नसते. बांधावरून भाऊबंदकी कशी पेटते हे सांगण्याची गरज नाही. तेव्हा नकाशा तयार करणाऱ्यांनी सामाईक कड एकदाच नोंदून दोन्हीकडे वापरणे हाच बरोबर मार्ग होय. पाहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की अशी फट दिसली तर नकाशा जवळ आणून पाहावा. जवळच्या पायरीवर ती नाहीशी झाली तर ती रेषा सोपी केल्यामुळे दिसत होती.

याच्या जोडीला आणखी एक काटछाट असते. रेषारूप टाइलमध्ये प्रत्येक बिंदू सहसा ४,०९६ घरांच्या जाळीवर बसवला जातो. चौदाव्या पायरीवर नंदुरबारच्या अक्षांशात त्यातले एक घर सुमारे ५५ सेंटिमीटरचे असते. दहाव्या पायरीवर तेच घर सुमारे नऊ मीटरचे होते. दूरच्या पायरीवरील हद्द काही मीटर इकडे-तिकडे असणारच; तो दोष नाही, ती त्या पायरीची मर्यादा आहे.

चार हेक्टरांचा प्रश्न

या तांत्रिक बारकाव्यांचा सर्वसामान्य माणसाशी संबंध कोठे येतो, तर वनहक्काच्या दाव्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासी कुटुंबाच्या ताब्यातील कसत असलेल्या जमिनीवर हक्क मान्य केला. क्षेत्राची कमाल मर्यादा चार हेक्टर आहे. दावा ग्रामसभेकडे येतो, वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, पुढे उपविभागीय व जिल्हास्तरीय समिती. अक्राणी व अक्कलकुव्यातील अनेक कुटुंबांचे भवितव्य या कागदांवर अवलंबून राहिले आहे, आणि त्या कागदांत नकाशाही असतो.

पडद्यावरच्या नकाशांत पृथ्वी सपाट करण्यासाठी गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली दिलेल्या प्रक्षेपणाचे एक रूप वापरले जाते. त्यात लहान प्रदेशाचा आकार बिघडत नाही, उत्तर नेहमी वर राहते आणि जगाचा नकाशा नीट चौकोनात बसतो. टाइलसाठी हे फार सोयीचे आहे. त्याची किंमत अशी की विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे सर्व काही मोठे दिसू लागते. नंदुरबारच्या अक्षांशावर लांबी सात ते आठ टक्क्यांनी वाढते आणि क्षेत्रफळ १५ ते १६ टक्क्यांनी. चांगली नकाशा-प्रणाली क्षेत्र मोजताना ही वाढ वजा करते. परंतु एखाद्याने पडद्यावरच्या सपाट आकृतीवरूनच, दुरुस्ती न करता, हिशेब केला तर काय होईल? साडेतीन हेक्टर जमीन चार हेक्टरांहून थोडी अधिक भरेल. प्रत्यक्षात मर्यादेच्या पुष्कळ आत असलेला दावेदार कागदावर मर्यादेबाहेर जाईल, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसेल.

म्हणून एक भेद कटाक्षाने पाळणे आवश्यक आहे. पाहण्यासाठी हलका केलेला नकाशा वेगळा आणि मोजण्यासाठी जपलेली मूळ नोंद वेगळी. ग्रामसभेत दाखवायला, चर्चा करायला, “हा ओढा, ही मोहाची झाडे, येथून पलीकडे माझी जमीन” असे बोट ठेवून सांगायला हलका नकाशाच हवा. कारण तोच अडखळत नाही. क्षेत्रफळाचा आकडा मात्र जागेवरील मोजणीच्या मूळ बिंदूंवरूनच काढला पाहिजे. कायद्याखालील नियमांत २०१२ साली झालेल्या सुधारणेनेही या बाबतीत स्पष्टता आणली आहे: उपग्रहचित्रे व तत्सम तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक म्हणून घेता येईल, त्या पुराव्यांच्या जागी नाही. वयस्कर ग्रामस्थाची साक्ष किंवा जुन्या घराचा चौथरा पडद्यावर दिसत नाही म्हणून तो पुरावा कमी दर्जाचा ठरत नाही.

न दिसणारे पाडे

रेषांप्रमाणेच नावेही गाळली जातात. सगळी नावे एकदम दाखवली तर एकमेकांवर चढतील आणि त्यांची मांडणी करण्यातच प्रोसेसरचा वेळ जाईल. त्यामुळे शहराचे नाव दुरून दिसते, गावाचे त्याहून जवळून आणि लहान वस्तीचे नाव चौदाव्या पायरीच्या आगेमागे. ठिकाणे फार असतील तर ती एकत्र करून एकाच वर्तुळात आकडा दाखवण्याचीही पद्धत आहे. व्यवस्था तर्कशुद्ध आहे. परंतु ती सपाटीवरच्या गावाला जितकी मानवते तितकी डोंगरातल्या गावाला मानवत नाही. नवव्या पायरीवर मोबाइलच्या रुंदीत शंभर किलोमीटर मावतात, बहुतेक जिल्हा एका दृष्टीत येतो, आणि त्या दृष्टीत अक्राणीचा उत्तर भाग जवळपास रिकामा दिसतो. तेथे पाडे आहेत. ती पायरी त्यांना दाखवीत नाही. त्यात गावाचा ठिपका बहुधा एकाच पाड्यावर ठेवलेला असतो. रस्त्याचे अंतर त्या ठिपक्यापर्यंत मोजले गेले तर उरलेले पाडे आपोआप ‘रस्त्याने जोडलेले’ ठरतात.

यावर संगणकाकडे उपाय आहे, पण निर्णय माणसाने करायचा असतो. कोणते नाव कोणत्या पायरीवर दिसावे हे नकाशा तयार करणाराच ठरवतो. आरोग्य पथकासाठी नकाशा करताना महामार्गावरील धाब्याचे नाव उशिरा आणि पाड्याचे नाव लवकर दिसेल अशी रचना करता येते. त्याने नकाशा जडही होत नाही, कारण एकाच्या जागी दुसरे एवढाच तो बदल आहे. मात्र त्यासाठी पाडा मुळात नोंदलेला हवा. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागाच्या नकाशात कोणालाही अशी नोंद करता येते. आश्रमशाळेतील शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांचे पाडे ठाऊक असतात. भूगोलाच्या तासाला याहून चांगला प्रात्यक्षिकाचा विषय शोधूनही सापडणार नाही.

जुने पाणी

एकदा आलेली टाइल मोबाइल आपल्याजवळ ठेवून देतो आणि पुन्हा त्याच जागी गेल्यावर तीच दाखवतो. सुरळीतपणाचा मोठा वाटा या साठवणुकीचा आहे. साठवलेली गोष्ट शिळी होते हेही ओघाने आलेच. नर्मदाकाठी याचे ठळक उदाहरण आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. धरणाचे दरवाजे २०१७ साली बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. त्याआधीच्या चित्रांत जेथे चिंचोळे पात्र आणि काठावरची शेते दिसतात, तेथे आज रुंद पाणी आहे, वळणावळणांनी ते उपनद्यांच्या घळींत शिरलेले आहे, आणि काठावरच्या वस्त्यांना बोटीने जावे लागते. त्यातही पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते. जुनी टाइल अत्यंत सफाईने सरकेल, आणि पायवाट पाण्यातून नेऊन दाखवील.

नकाशा पुरवणारे टाइलसोबत तिची मुदत कळवू शकतात. मुदत संपली की मोबाइल नवी टाइल मागवतो. डोंगराची मुदत वर्षाची ठेवली तरी चालेल, जलाशयाच्या काठाची तेवढी ठेवून चालणार नाही. जोडणीविना वापरासाठी उतरवलेल्या नकाशाला मात्र अशी मुदत बहुधा लागू होत नाही. तो पुन्हा उतरवीपर्यंत जसाच्या तसा राहतो. तेव्हा पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तो नव्याने उतरवून घेणे, आणि उतरवल्याचा दिनांक कोठेतरी टिपून ठेवणे इष्ट.

नावांची अक्षरे

शेवटी एक छोटी वाटणारी, पण मराठी वाचकाला चटकन खटकणारी गोष्ट. रेषारूप नकाशात नावे वेगाने मांडता यावीत म्हणून प्रत्येक अक्षराचा साचा आधीच तयार ठेवतात आणि साचे एकापुढे एक ठेवून नाव उभे करतात. रोमन लिपीला ही रीत पुरते. देवनागरीत अक्षरे एकापुढे एक नुसती उभी राहत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर असून लिहिताना आधी येते, जोडाक्षरात दोन व्यंजने मिळून तिसरेच रूप घेतात. ही जोडणी काही सुप्रचलित खुल्या प्रणालींना दीर्घकाळ जमलेली नव्हती. परिणामी ‘मणिबेली’तील वेलांटी ‘ण’च्या पुढे जाऊन पडे आणि ‘अक्कलकुवा’तील ‘क्क’ फुटून मध्ये पाय मोडलेला ‘क्’ उभा राही. धडगावला तेवढा त्रास नाही, कारण त्याच्या नावात एका कान्याखेरीज काही नाही!

यावर उपाय निघू लागले आहेत. संपूर्ण नाव मोबाइलच्या स्वतःच्या लिपिव्यवस्थेकडून एकदाच लिहवून घ्यायचे, त्याचे चित्र जपून ठेवायचे आणि मग ते चित्रच सरकवायचे, हा त्यांतला एक. बोट फिरत असताना नवे काही काढायचे नाही, हा नियम येथेही पाळला जातो. ज्या कार्यालयांना स्वतःचा नकाशा करून घ्यायचा आहे त्यांनी काम स्वीकारण्यापूर्वी तीन नावे पडद्यावर उमटवून पाहावीत: अक्कलकुवा, मणिबेली आणि निमगव्हाण. ही तिन्ही नीट उमटली तर जिल्ह्यातील बाकीच्या बहुतेक नावांचीही काळजी उरणार नाही. आणि ती पाहताना मोबाइल कार्यालयातला नको. ज्याला तो नकाशा वापरायचा आहे त्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याचा, किंवा आशा कार्यकर्तीचा असावा.